उभ्यानं प्रवास करणारे रावमामा

रावमामा बसमध्ये बसत नसत. अख्खी बस रिकामी असली तरी नाही. कंडक्टर बिचारा ओरडायचा, "सार, उक्कारुंग!" म्हणजे "साहेब, बसा हो!" आणि रावमामा दांडीला धरून ताठ उभे. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, असेल काहीतरी दुखणं. आता शेजारच्या वयस्कर माणसाला असलं विचारायचं कसं? शेवटी त्यांच्या बायकोनं, कमलामामींनीच, एकदा हसत हसत सांगून टाकलं. "दुखणें बिखणें काही नाही गो. पाठ टेकली की शर्ट चुरगळतो म्हणून." विमा कंपनीतली हेडक्लार्कची सगळी नोकरी या गृहस्थांनी अण्णा नगर ते बीच स्टेशन अशी उभ्यानं केली होती. निवृत्त झाल्यावर तरी बसावं की नाही माणसानं? छे!

मी मूळची सांगलीची. अंबत्तूरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईत आले आणि अण्णा नगरमधल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहू लागले. समोरच्या दारावर पाटी होती, 'टी. एस. राव'. मला वाटलं आंध्रातले असतील. त्यांची माझी पहिली भेट गच्चीवर झाली. मी कपडे वाळत घालून खाली निघाले होते, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"हें कोणाचें?"

वळून बघते तर पांढरीशुभ्र वेष्टी म्हणजे इकडचं धोतर, पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध, आणि दोन बोटांच्या चिमटीत माझा कुर्ता. मेलेला उंदीर उचलावा तसा धरलेला.

"माझा आहे," मी म्हटलं.

"काय म्हणून असा पिळलीस? कोंबडीची मान काय ती?"

मला राग यायला हवा होता. पण अहो, कित्येक आठवडे तमिळ ऐकून ऐकून माझे कान किटले होते, आणि इथं कुणीतरी मला चक्क मराठीत बोलणी ऐकवत होतं! मी आनंदानं ओरडलेच, "अय्या, तुम्ही मराठी?"

"मग कोण? आम्ही तंजावरचे. राजांच्या वेळेस आलों. तुम्ही काल आलांत."

एवढं बोलून त्यांनी माझा कुर्ता दोन्ही खांद्यांना धरून असा फाडकन झटकला की कठड्यावरचा कावळा उडाला. मग तो खालच्या कडेनं दोरीवर घातला, शिवण बोटांनी सरळ केली आणि मला विचारलं, "नाव काय?" मी सांगितलं. ते त्यांनी ऐकलंच नसावं, कारण त्या दिवसापासून मी त्यांची 'सांगली' झाले. "अगो सांगली, काफी पिणार?" असा जिन्यातून पुकारा व्हायचा आणि खालच्या मजल्यावरची माणसंही मला सांगली मॅडम म्हणू लागली.

त्यांची मराठी म्हणजे एक गंमतच होती. पाण्याला उदक, खूपला बहुत, आणि प्रत्येक वाक्याला तमिळचा हेल. रागावले की मध्येच "अय्यो!" आणि समजूत पटली की "सरी, सरी." मी 'मस्त' म्हटलं की ते तोंड वाकडं करायचे. 'मस्त' हत्ती होतो म्हणे, इडली होत नाही.

कपड्यांच्या बाबतीत मात्र ते फौजदार होते. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "देवानं तोंडावर सुरकुती दिली तर घ्यावी. कपड्यावर दिली तर परत करावी." लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी नवरदेवाच्या शर्टाची कॉलर बघायचे. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, इथं सभा-सभांतून गाण्याच्या मैफली चालतात. रावमामा रोज संध्याकाळी कडक वेष्टी नेसून निघायचे आणि आल्यावर सांगायचे, "गाणें बरें होतें, पण मृदंगवाल्याचा जिब्बा! अय्यो, खिशात ठेवून आणला होता काय?" खाली कडुलिंबाखाली इस्त्रीची गाडी लावणाऱ्या माणसाशी तर त्यांचं बाहीच्या एका घडीवरून दर आठवड्याला वाजायचं. मग कमलामामी गुपचूप खाली जाऊन त्या माणसाला ताक नेऊन द्यायच्या आणि तह व्हायचा.

वॉशिंग मशीन हा शब्द काढला की मामांचं डोकं फिरायचं. मुलीनं, वैजयंतीनं, बंगळूरहून एक पाठवून दिलं होतं. समोरनं दार उघडणारं, चांगलं मोठं. "कपड्यांचा खून करायचें यंत्र" असं ते त्याला म्हणत. ते न्हाणीघराशेजारी झाकण घालून ठेवलेलं असायचं, आणि मामांची अशी ठाम समजूत होती की आपले शर्ट कमला हातानं धुते, तांदळाच्या कंजीत बुडवते आणि मगच ते असे होतात. कंजी म्हणजे आपली खळ. मामा मला कंजीवर व्याख्यान द्यायचे. किती पातळ हवी, कशी गाळावी, किती वेळ बुडवावी. मी भक्तिभावानं ऐकायचे. मामी आतून ऐकायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. फक्त कधीतरी माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या. ते का, हे मला फार उशिरा कळलं.

मामी गेल्या. दोन दिवस ताप आला आणि गेल्या. एवढी हसरी, सगळ्यांत तह करणारी बाई, निघून गेली तेव्हा जिना मुका झाल्यासारखा वाटला. त्यानंतर रावमामा काही महिने फारसे बाहेर पडलेच नाहीत. आधी मला वाटलं दुःख आहे, चालायचंच. मग लक्षात आलं, दुःख तर होतंच, पण माणसाकडे घालायला धड कपडा नव्हता. इस्त्रीवाल्याशी शेवटचं भांडण झालेलं आणि तह करणारं माणूस गेलेलं. व्याख्यानं देणाऱ्या या आमच्या फौजदारांनी जन्मात एक रुमाल धुतला नव्हता. कपडा कसा दिसला पाहिजे हे त्यांना तंतोतंत माहीत होतं, पण तो तसा होतो कसा, याचा पत्ता नव्हता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

श्रावण सरता सरता, इथं तेव्हा लग्नं होतात, भाच्याचं लग्न निघालं. तिथं ते ज्या शर्टात गेले तो मी जिन्यात पाहिला. रद्दीत टाकलेल्या कागदासारखा शर्ट, आणि आत मान खाली घातलेले रावमामा. लग्नाला वैजयंती आली होती. तिनं वडलांना पाहिलं. बंगळूरला परत गेल्यावर फोन केला. मार्गळीत आठवडाभर येते, घर बघते. असंच चाललेलं असलं तर अप्पा, तुम्ही माझ्याकडे यायचं आणि फ्लॅट विकायचा. एकट्यानं राहायचं खूप झालं. सोबत तिनं न चुरगळणारे, इस्त्री न लागणारे चार नवे शर्टही पाठवले.

वैजयंती वाईट नव्हती हो. आई अशी तडकाफडकी गेल्यावर वडलांबद्दल ती घाबरून गेली होती. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण रावमामा ते शर्ट मांडीवर घेऊन बसले होते आणि मला म्हणाले, "सांगली, मला ह्या घरातून जायचें नाही. इथें कमला आहे. तिथें काय आहे? लिफ्ट आहे."

मी म्हटलं, "मग कपडे धुवायला शिका."

"हातानें?"

"कप्पाळ! हातानं कशाला? मशीन आहे ना घरात."

"तें कपड्यांचा खून करतें."

"बंगळूरला जाता का मग?"

त्यांनी मांडीवरचे शर्ट बाजूला ठेवले. मग म्हणाले, "सरी."

मी रविवारी शिकवीन असं ठरलं. पण दम धरतील तर ते रावमामा कसले! शनिवारी मी कामावर असताना त्यांनी स्वतःच बेत केला. आपल्याला कपड्यांचं शास्त्र येतं, फक्त हात यंत्राचे आहेत, असा त्यांचा हिशेब. त्यांनी पातेलंभर तांदळाची कंजी उकळली. मशीनमध्ये ते चार नवे शर्ट, वेष्ट्या, पंचे, टॉवेल, बसेल तेवढं सगळं कोंबलं. साबणाच्या कप्प्यात कंजी ओतली. बटण 'कॉटन'वर, पाणी कडकडीत गरम, पिळणं सगळ्यात जोरात, म्हणजे स्वच्छ निघेल. आणि समोर पाट टाकून बसले.

मी संध्याकाळी आले तर दार उघडंच. मामा पाटावरच बसलेले. मशीन मध्येच बंद पडलेलं आणि काचेच्या दारामागे पांढरं, लिबलिबीत काहीतरी चिकटलेलं.

"मामा, हे काय?"

"थांबलें," ते म्हणाले. "रागावलें बहुतेक."

मला इतकं हसू आलं की मी भिंतीला धरून उभी राहिले. मामा आधी चिडले, मग त्यांनाही हसू फुटलं. मामी गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते काही थांबेना. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त करणारा सेल्वम आला. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. त्यानं खालचं झाकण उघडून जाळी बाहेर काढली आणि तिच्यातला लगदा बघून गंभीरपणे म्हणाला, "सार, पोंगल छान शिजलाय. तूप आणि मिरी तेवढी राहिली." शर्ट बाहेर काढले तर पापड! वाळलेले, कडक, आणि घडीत घडी. न चुरगळणारे शर्ट एवढे चुरगळू शकतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

सेल्वमनं हात पुसले आणि मामांना विचारलं, "पण सार, तुम्ही कॉटनवर कशाला लावलं? मामी तर कधी लावत नव्हत्या."

"कमला? ती ह्याला हात लावत नव्हती."

सेल्वम माझ्याकडे बघायला लागला. मीही त्याच्याकडेच बघायला लागले. "सार," तो हळूच म्हणाला, "तुम्ही बाहेर पडलात की मामी रोज हेच वापरायच्या. मीच दाखवलं होतं त्यांना. हे बघा."

त्यानं बटणाशेजारी बोट ठेवलं. तिथं कुंकवाचा एक ठिपका होता. आता, आयुध पूजेला इथं घरातल्या सगळ्या यंत्रांना गंध-कुंकू लावतात. मिक्सरला, शिलाई मशीनला, स्कूटरला. या मशीनलाही समोर मधोमध एक मोठा टिळा होताच. हा दुसरा ठिपका त्याच पूजेचा म्हणून आम्ही कुणी कधी बघितलाच नव्हता. पण तो तेलात कालवून नेमका एका खुणेसमोर लावलेला होता. सेल्वम सांगत होता, "मामींना चष्म्याशिवाय ही बारीक अक्षरं दिसायची नाहीत. मला म्हणाल्या, सारच्या शर्टाला कुठलं बरं तेवढं सांग, मी कुंकवाचा पोट्टू लावून ठेवते. मी म्हटलं, हे. कोमट पाणी, हळू फिरतं, पिळतं कमी. अर्धंच भरायचं आणि थांबल्याबरोबर काढून झटकायचं. शर्टाला घडी पडत नाही. कंजी त्या नंतर बादलीत करायच्या, ती पण फक्त वेष्टीला."

म्हणजे बघा! इतकी वर्षं ज्या शर्टांच्या जिवावर हे गृहस्थ जगाला बोल लावत फिरले, ते शर्ट त्या खुनी यंत्रातूनच निघत होते. मामी का डोळे मिचकावायच्या ते मला तेव्हा कळलं. मला वाटलं, आता मामा भडकणार. पण ते पुढं वाकले, चष्मा वर करून त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"फसवली मला," ते म्हणाले. "बहुत बरें फसवली."

त्यानंतरचे रविवार मी विसरणार नाही. मामा मशीनसमोर पाटावर आणि मी त्यांच्या मागं. प्रत्येक खुणेला त्यांनी ऑफिसातल्या माणसाचं नाव देऊन टाकलं. 'कॉटन' म्हणजे जुने मॅनेजर, गरम डोक्याचे, सगळ्यांना पिळून काढणारे, टॉवेल आणि चादरीच त्यांच्या हाताखाली द्यायच्या. 'क्विक' म्हणजे पाच वाजायच्या आत छत्री घेऊन पळणारा टायपिस्ट, त्याच्यावर भरवसा ठेवू नये. आणि ठिपक्याची खूण म्हणजे कमला. "कमलेवर लाव," असं ते म्हणायचे. "उदक बहुत, ओरडणें कमी." ते पापड झालेले चार शर्ट आम्ही नुसत्या पाण्यात भिजवून कंजी काढली आणि कमलेवर लावले. तीन सुधारले. चौथ्याच्या पाठीवर एक सुरकुती राहिली ती राहिलीच. तो मामांनी गच्चीवर घालायला ठेवला. आयुध पूजेच्या दिवशी मी गेले तर मशीनला नवा टिळा लागला होता आणि तेलातल्या कुंकवानं तो छोटा ठिपकाही ताजा केला होता. कडुलिंबाखाली ताकाचा तांब्या घेऊन मामा स्वतः गेले, हेही मी खिडकीतून पाहिलं. इस्त्रीवाला इतका दचकला की इस्त्री हातातच धरून उभा राहिला.

मार्गळीत वैजयंती आली. रात्रभराच्या गाडीनं, दमलेली, केस विस्कटलेले. दुसऱ्या दिवशी इथंच तिची ऑफिसची महत्त्वाची बैठक होती आणि त्यासाठी आणलेल्या कुर्त्यावर गाडीत कुणाची तरी काफी सांडली होती. मामांनी मला सकाळीच हाक मारली होती. एकट्यानं मुलीसमोर बसायची त्यांना धास्ती वाटत होती, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळत होतं.

"दे तो कुर्ता," मामा म्हणाले.

"राहू दे अप्पा, मी बाहेर देते."

"दे म्हणून सांगितलें ना."

त्यांनी कापड चिमटीत धरून चोळून बघितलं. आतल्या शिवणीजवळची पट्टी उलटून वाचली. डागावर थोडा साबण चोळला. मग आत जाऊन मशीन लावलं आणि बाहेर येऊन काफी केली. आम्ही बसलो. वैजयंतीनं घराकडे बघितलंच नाही. ती ठरवूनच आली होती. पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "अप्पा, मी फ्लॅटसाठी एका माणसाशी बोलले आहे. तो गुरुवारी बघायला येणार."

"मी कुठें जाणार नाही."

"अप्पा, हट्ट करू नका. त्या लग्नात तुम्हाला बघून मी रात्रभर झोपले नाही. मला वाटलं, अम्माबरोबर तुम्हीही गेलात. तुमचं काही झालं तर मला कोण सांगणार? ही सांगली आज आहे, उद्या नाही."

ते खरंच होतं. मामांचा चेहरा उतरला. ते काहीतरी म्हणायला गेले आणि तेवढ्यात आतून मशीनची शेवटची शीळ वाजली. मामा लगेच उठले.

"अप्पा, मी बोलते आहे!"

"थांब. लगेच काढायला हवें. पडून राहिलें की सुरकुती धरतें."

वैजयंती चिडून त्यांच्या मागं गेली आणि तिच्या मागं मी. मामांनी कुर्ता काढला. दोन्ही खांद्यांना धरून फाडकन झटकला. हँगरला लावला, कॉलर बसवली, बटणपट्टी अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत ओढत आणली, बाह्या एकेक करून ताणल्या. त्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. वैजयंती दारात उभी होती. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"अम्मा असंच करायची," ती म्हणाली. "शाळेच्या युनिफॉर्मला. असाच अंगठा."

"मी बघत होतों ना," मामा म्हणाले. "इतकी वर्षें नुसता बघत होतों. आता करतों."

मग त्यांनी तिला तो ठिपका दाखवला आणि कुणी लावला, कशाला लावला, ते सांगितलं. वैजयंतीनं त्यावर बोट ठेवलं आणि ती रडायला लागली. मी बाहेर येऊन काफीचे पेले उचलले. माझंही नाक वाहायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी ती तो कुर्ता घालून बैठकीला गेली. संध्याकाळी बापलेक सभेला गेले. मामांच्या वेष्टीची कड अशी सरळ होती की मी टाळी वाजवली. गुरुवारी फ्लॅट बघायला कुणी आलं नाही. निघताना वैजयंती मला म्हणाली, "बंगळूरचं मी आता काढणार नाही. रोज एक फोन मात्र करायचा, एवढं त्यांच्याकडून वचन घेतलंय." आणि जाताना तिनं पिशवीतले सगळे मळके कपडे वडलांकडे ठेवले, पुढच्या वेळी नेते म्हणून.

उन्हाळ्यात मला पुण्याला नोकरी मिळाली. सामान घेऊन मी सेंट्रलला पोचले तर रावमामा आधीच येऊन उभे होते, हातात दहीभाताचा डबा. अंगात त्या चारांपैकी एक शर्ट. गाडीला वेळ होता म्हणून त्यांना सोडायला मी बस थांब्यापर्यंत गेले.

"मेट्रोनं जा की मामा. गारेगार."

"तिथें कंडक्टर नाही," ते म्हणाले. "सांगली, पुण्याला पाणी कसें? जड असेल तर साबण कमी घाल. आणि पिळू नकोस."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि मग लगबगीनं बसमध्ये चढले. दुपारची वेळ, बस जवळजवळ रिकामी. मला ठाऊक होतं, आता दांडी धरून उभे राहणार. कंडक्टर काहीतरी म्हणाला. रावमामा क्षणभर थांबले. आणि खिडकीजवळच्या बाकावर बसले. नुसते बसले नाहीत, पाठ टेकून, अगदी ऐसपैस बसले.

"मामा!" मी खालून ओरडले. "शर्ट चुरगळेल ना!"

बस सुरू झाली होती. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, चिमूट केली आणि हवेतल्या हवेत एक बटण फिरवलं, थोडंसंच, ठिपक्यापर्यंत.